तुम्ही विचारलंत म्हणून: बायकोचं नाव सातबाऱ्यावर

“बचत गट झाला, शिलाई मशीन झालं, आता बायकांना अजून काय द्यायचं?” पुण्याच्या आसपासच्या गावांत हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर एकच: सातबाऱ्यावर नाव. लावणी, खुरपणी, धारा सगळं तीच करते. पण जमिनीवर नाव नसलं की पीककर्ज काढताना आणि भरपाई मिळताना ती शेतकरी नसते.

नवरा हयात असताना नाव लागतं, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. चाकणजवळच्या आंबेठाणच्या, शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. गावातल्या शंभर घरांनी बायकांच्या नावे जमीन केली की ते गाव लक्ष्मीमुक्तीचं. पुढे १५ सप्टेंबर १९९२ ला सरकारनं नवऱ्यासोबत बायकोचं नाव लावण्याचं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं तहसीलदारांकडे अर्ज द्यायचा. सोबत चालू सातबारा, आठ-अ (खातेउतारा) आणि दोघांचं आधार. आदेश झाला की तलाठी फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, घालतो, नोटीस निघते, १५ दिवसांत हरकत आली नाही की मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात. स्टॅम्प ड्युटी लागत नाही. कुणी वरखर्च सांगितला तर पावती मागा.

अडतं ते सामाईक जमिनीत. तिथे नवऱ्याच्या हिश्शापुरतंच नाव लागतं, आणि भावांची हरकत येते. आधी वाटप करून घ्या. आधारवर माहेरचं नाव असेल तर तेही आधीच बदला.

नोंद झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा काढा आणि नाव कुठे पडलंय ते बघा. भोगवटादाराच्या, म्हणजे जमीनधारकाच्या, रकान्यात हवं. ‘इतर हक्क’मध्ये पडलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. विधवा सुनांची आणि लेकींची नावं वारसनोंदीत नेमकी याच रकान्यात सरकवली जातात, आणि घरात कुणी तो कागद उलटून बघत नाही. रिंगरोडसारखं भूसंपादन आलं की फरक कळतो: मोबदल्याची नोटीस भोगवटादारांच्या नावे येते, सह्या त्यांच्या लागतात, पैसे त्यांच्या खात्यात जातात.

अशाच वेळी माहेरहून बहिणींना हक्कसोडपत्रासाठी, म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर सही करायला, बोलावणं येतं. साडीचोळी घ्या, जेवा. पण मसुदा घरी आणून कुणा जाणत्याकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र रद्द करायला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते.