शर्झा दरवाजावरचं नाव

आजी बीदर म्हणत नसे, बेदर म्हणायची. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं लोकांना खुली केली, आणि पांडुरंग विठू महार होऊन बेदरच्या बादशहाकडे त्या धान्याचे पैसे भरून आला, ही गोष्ट तिच्या तोंडून किती वेळा ऐकली असेन! त्यामुळे लहानपणी माझ्या लेखी बेदरचा बादशहा म्हणजे जगातला सगळ्यात मोठा माणूस. देवालासुद्धा ज्याच्या खजिन्यात पैसे भरून पावती घ्यावी लागते, तो किती मोठा असेल?

आम्ही उदगीरचे. बीदर तिथून दीड-दोन तासांवर. तरी किल्ला नीट बघायला मी चाळिशी ओलांडल्यावर गेले, आईला सोबत घेऊन. आत शिरताना शर्झा दरवाजा लागतो. त्यावर दगडात कोरलेले दोन वाघ आहेत आणि एक फारसी शिलालेख आहे. मला फारसी येत नाही. पण तो लेख १५०३ चा आणि त्यात नाव महमूदशहा बहमनीचं, हे वाचून गेले होते. तिथेच पाय थबकला. कारण १५०३ साली या महमूदशहाच्या हातात नावापलीकडे जवळजवळ काहीच उरलं नव्हतं.

महमूद १४८२ मध्ये गादीवर बसला तेव्हा बारा वर्षांचा होता. ३६ वर्षं सुलतान राहिला. 'दुबळा, विलासी, दारूत बुडालेला' अशा तीन शब्दांत त्याची बोळवण होते, आणि ते शब्द खोटे नाहीत. पण घराला वाळवी लागली ती त्याच्या आधी.

त्याच्या बापाचा, तिसऱ्या मुहम्मदशहाचा वजीर होता महमूद गावान. इराणातल्या गिलानहून व्यापारी म्हणून आलेला माणूस. राज्याचे चार तरफ म्हणजे सुभे होते आणि एकेक तरफदार जवळजवळ राजाच झाला होता. गावानने चाराचे आठ केले. दौलताबादेतून जुन्नर वेगळं काढलं, वऱ्हाडाचे गाविल आणि माहूर असे दोन भाग केले. शिवाय एका तरफदाराच्या ताब्यात एकच किल्ला, बाकी किल्ल्यांचे किल्लेदार थेट सुलतानाचे. ज्यांचे किल्ले गेले ते गप्प बसणार नव्हते. त्यांनी गावानच्या मोहरदाराला फितवलं, कोऱ्या कागदावर शिक्का मिळवला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला चढाईचं आमंत्रण लिहिलं. सुलतानाने शहानिशा केली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी त्याच्या हुकमाने सत्तरीच्या घरातल्या त्या वजिराचं डोकं उडवलं. वर्षाच्या आत सुलतानही गेला. मागे राहिला बारा वर्षांचा पोर, आणि त्याचा कारभारी झाला मलिक हसन बहरी, गावानविरुद्धच्या कटात ज्याचं नाव घेतलं जातं तोच.

बापाला खोटं पत्र दाखवून फसवणारी माणसं आता मुलाच्या भोवती होती. अशा मुलाने कोणाकडून काय शिकावं?

दरबारात दोन तट होते. एकीकडे दख्खनी आणि हबशी, दुसरीकडे आफाकी, म्हणजे इराण-तुराणातून आलेले. मलिक हसन १४८६ मध्ये मारला गेला. पुढच्या वर्षी एका रात्री दख्खनी-हबशी गटाची माणसं सुलतानाला ठार करायला किल्ल्यात घुसली. काही तुर्की पहारेकऱ्यांनी त्यांना अडवून धरलं म्हणून महमूद वाचला आणि बुरुजावर पोचला. वय सतरा. खाली अंधारात त्याच्याच नोकरीतली माणसं त्याला शोधत होती. सकाळी त्याने कत्तलीचा हुकूम दिला आणि बीदरच्या गल्ल्यांतून ती तीन दिवस चालली.

तो शाह बुरुज बघताना मला त्याची कीवही आली आणि रागही आला. जीव वाचला त्या बुरुजावर त्याने नंतर महाल बांधायला घेतला आणि तिथेच रमला. इतिहासकार फिरिश्ता लिहितो की, तख्त-ए-फिरोजा, बहमनींचं ते पिढीजात रत्नजडित सिंहासन, याच्या काळात मोडलं आणि त्याची रत्नं सुरया-पेल्यांवर गेली. फिरिश्ता शंभर वर्षांनी विजापूरच्या दरबारात बसून लिहीत होता. बहमनी जितके नालायक दिसतील तितके आदिलशाहीचे मूळपुरुष उजळ दिसणार, हे लक्षात ठेवूनच त्याला वाचावं. तरी सिंहासनाची गोष्ट मला खरी वाटते. सतराव्या वर्षी घरच्याच माणसांना तलवारी घेऊन येताना पाहिलेल्याला सिंहासनाचं काय मोल राहणार?

पुढचं शाळेच्या इतिहासात एका ओळीत येतं : बहमनी राज्याची पाच शकलं झाली. जुन्नरला मलिक हसनचा मुलगा अहमद, विजापूरला युसूफ आदिल, वऱ्हाडात फतहुल्ला इमाद, तेलंगणात कुली कुत्ब, आणि खुद्द बीदरमध्ये कासीम बरीद. पहिल्या तिघांसाठी १४९० हे साल देतात. त्या ओळीवरून वाटतं की एके दिवशी फटकन मडकं फुटलं. तसं झालेलं नाही. ही मंडळी आपापल्या मुलखात सर्वाधिकारी झाली, तरी बीदरचा सुलतान सुलतानच राहिला. प्रत्येकाला त्याचं नाव हवं होतं. सुलतान ज्याच्या मुठीत, तो बाकीच्यांना बंडखोर ठरवणार! म्हणून नाव कोणी पुसलं नाही, आणि त्या नावाला हातपायही फुटू दिले नाहीत.

एकदा मात्र महमूद बाहेर पडला. बहादूर गिलानी नावाच्या सरदाराने गोवा-दाभोळ बळकावून गुजरातची जहाजं लुटली. गुजरातच्या महमूद बेगड्याने तक्रार कोणाकडे केली? बीदरच्या सुलतानाकडे. बाहेरच्यांसाठी दख्खनचा धनी अजून तोच. महमूद स्वतः फौज घेऊन कोकणच्या वाटेला लागला आणि १४९४ मध्ये बहादूर मारला गेला. ही मोहीम लोक विसरतात. मला ती महत्त्वाची वाटते, कारण हा माणूस घोड्यावर बसू शकत होता.

कासीम बरीद आधी बीदरचा कोतवाल. औसा, कंधार आणि आमचं उदगीर त्याच्याकडे होतं. ज्या किल्ल्याच्या सावलीत मी वाढले, तिथल्या बळावर त्याने राजधानीत वजिरी मिळवली आणि सुलतानाला घरातल्या घरात कैदी केलं. हे कळल्यापासून उदगीरच्या किल्ल्याकडे बघताना मन थोडं खट्टू होतं. १५०४ मध्ये कासीम मेला. वजिरी त्याचा मुलगा अमीर बरीद याच्याकडे, वारसाने आल्यासारखी. विजयनगरच्या कृष्णदेवरायानेही बीदरवर चालून येऊन सुलतानाला मोकळं केलं आणि 'यवनराज्यस्थापनाचार्य', म्हणजे यवनांचं राज्य उभं करून देणारा, असं बिरुद घेतलं. महमूदला सोडवण्यातही शेवटी मोठं झालं ते दुसऱ्याचंच नाव.

१५१८ मध्ये तो वारला. अमीर बरीदने त्यानंतर एकामागून एक चार सुलतान बसवले. शेवटच्या कलीमुल्लाने बाबराकडे गुपचूप माणूस पाठवला : माझं राज्य मला परत मिळवून द्या, वऱ्हाड आणि दौलताबाद तुम्हाला देतो. जे दोन्ही त्याच्याकडे नव्हतं! बातमी फुटली आणि तो विजापूरला, तिथून अहमदनगरला पळाला. तिथे बुऱ्हाण निजामशहा सुरुवातीला त्याच्यापुढे हात बांधून उभा राहायचा, म्हणतात. त्याचा सल्लागार शाह ताहिर याने कान भरेपर्यंत.

दुपारी आम्ही अष्टूरला गेलो. एका रांगेत बहमनींच्या कबरी. हुमायूनशहाची वीज पडून मधोमध चिरलेली, अर्धा घुमट आभाळाला उघडा. अहमदशहा वलीच्या कबरीत आतल्या छतावर रंग अजून शाबूत आहेत आणि हिंदू-मुसलमान दोघंही तिथे नवस बोलतात. आईने तिथे फुलं वाहिली. मग रांग पुढे जाते तशा इमारती खुजावत जातात, आणि वलीउल्ला-कलीमुल्ला या शेवटच्या दोन सुलतानांपाशी घरातल्या खोलीएवढं काहीतरी उरतं.

"दामाजीचा बादशहा यातला कुठला गं?" आईने विचारलं.

कीर्तनातल्या बादशहाला नाव नसतं. मी म्हटलं, "कुठलाही धर, आई."

तिच्या पदरात चार फुलं उरली होती. ती उन्हातून चालत शेवटच्या त्या खोलीपर्यंत गेली, चपला बाहेर काढल्या आणि फुलं तिथे ठेवली.