आज्जीची भिशी

आज्जी माघात गेली आणि वैशाखात दिंडीच्या व्यवस्थापकांचा फोन आला. "माउली, आजींची भिशी कार्तिकीलाच जमा झालीय. नाव कमी करू, का घरातनं कोण येणार?"

भिशी म्हणजे वारीभराच्या जेवणाचे, राहुटीचे, ट्रकचे पैसे. गुडघ्यांमुळे आता चालायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी कार्तिकीला आळंदीला जाऊन तिने ते गुपचूप मोजून दिले होते. बाबा फोन कानाला धरून नुसतेच उभे राहिले. चुलत्यांचं म्हणणं, वर्ष व्हायच्या आत कशाला. मी म्हटलं, मी जाते. त्यात भक्ती वगैरे काही नव्हती, उगाच मोठेपणा घेत नाही. दोन रुपयांसाठी कोथिंबीरवाल्याला अख्खा बाजार फिरवून आणणारी बाई. तिचे एवढे पैसे बुडले असते तर ती स्वप्नात येऊन भांडली असती.

निघताना बाबांनी हातात एक स्टीलची डबी दिली. कुंकवाच्या करंड्याएवढी. आत कापसात आज्जीची कवळी होती, खालच्या दातांची. वरचे दात तिचे तिचेच होते, आणि त्याचा तिला गर्व होता. "हिचं काय करायचं ते कळत नाही बघ," बाबा म्हणाले. "टाकवत पण नाही. चंद्रभागेत सोड."

ऑफिसातून सगळी रजा मिळेना, म्हणून मी आळंदीऐवजी पुण्यात दिंडीला गाठलं. पुणे ते सासवड हा माउलींच्या वाटेवरचा सगळ्यांत लांबचा टप्पा, आणि त्यात दिवे घाट. त्या दिवशी एकादशी. माझ्या डोक्यात उपाशीपोटी चढायचं चित्र होतं. प्रत्यक्षात हडपसर सुटेपर्यंत माझ्या ओंजळीत दोन केळी, राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याचा लाडू आणि कुणीतरी द्रोणात भरून दिलेली साबुदाण्याची खिचडी आली होती. आज्जी घरी एकादशी इतक्या उत्साहाने का धरायची ते मला चौतिसाव्या वर्षी कळलं.

घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या होत्या. वर बघावं तर वळणावळणाला पताका, खाली बघावं तर पांढऱ्या टोप्या आणि तुळशी. माझा श्वास फुलला होता आणि शेजारून सत्तरीच्या बाया गप्पा मारत चढत होत्या. त्यातल्या एकीने मला निरखून पाहिलं. दिंडीत नावं कोण विचारतं. त्या उंब्रजच्या मावशी. "तू कवळीवालीची नात ना गं?"

मी गडबडले. डबी माझ्या पिशवीत आहे हे यांना कसं कळलं?

मग चढणभर ती गोष्ट ऐकली. बऱ्याच वर्षांपूर्वी लोणंदच्या मुक्कामी आज्जीने रात्री कवळी काढून पेल्यात ठेवली. पहाटे अंधारात कुणीतरी पेला विसळला आणि पाणी भिरकावलं. वारीत रोज मुक्कामाला समाज आरती असते. चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तेवढीच टाळ वाजवत राहते. मग तक्रारी ऐकतात, दुसऱ्या दिवशीची निघायची वेळ सांगतात आणि हरवलं-सापडलं पुकारतात. घड्याळं, पाकिटं, एखाद्याची पिशवी. तरडगावच्या तळावर त्या शांततेत पुकारा झाला तो आज्जीच्या कवळीचा. ती शेजारच्या दिंडीच्या चुलीपाशी सापडली होती. "सगळा तळ हसायला लागला, आणि ही बया हात वर करून उभी ऱ्हायली. म्हणती, माजी हाय, माजी हाय!" तेव्हापासून आज्जी पार फलटण-बरडपर्यंत कवळीवाली.

घरी यातलं एक अक्षर तिने सांगितलं नव्हतं. घरी ती खोडकर होतीच. २०२० साली वारी बंद होती, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, तेव्हा तिने आमच्या अंगणात रिंगण लावलं होतं. शेजारच्या शेळीला जरीचा खण बांधला, आम्हा नातवंडांना हातात पळ्या देऊन गोल उभं केलं. शेळीने दुसऱ्या फेरीला तुळस खाल्ली. आज्जी हसून हसून पायरीवर बसली. पण वारीतून परतल्यावर मात्र ती प्रसादाचे चुरमुरे वाटायची, पाय चेपून घ्यायची आणि "लई कष्ट असत्यात बाबांनो" एवढंच म्हणायची. आई तिला आठवडाभर घागरीला हात लावू द्यायची नाही. उंब्रजच्या मावशींना मी हे सांगितलं तर त्या डोळे पुसत म्हणाल्या, "कष्ट! अगं, जेजुरीत भंडारा उधळताना आमच्या सगळ्यांची तोंडं पिवळी करायची ती. पुढं तीन दिस जात नव्हता रंग."

कष्ट नसतात असं नाही. पहाटे तीनला टँकरच्या तोटीखाली अंघोळ, बायकांसाठी आडोसा म्हणून धरलेली दोन लुगडी, पावसात गळणारी राहुटी, आणि शौचाला जायचं म्हणजे काय असतं ते लिहीत नाही. वाल्हे सोडल्यावर माझ्या टाचेला फोड आला. नीरेत पादुकांचं स्नान झालं तेव्हा मी काठावर पाय धरून बसले होते, दर्शन चुकलं. लोणंदला एका चांभारदादांनी फुकटात चप्पल शिवून दिली आणि पैसे काढले तर मलाच नमस्कार केला.

पण मला सांगायचंय ते खुडूसचं.

माळशिरसहून वेळापूरला जाताना खुडूस फाट्यावर गोल रिंगण होतं. पताकावाले, तुळशीवाल्या, विणेकरी सगळे धावून झाले. मग पुढे जरीपटक्याच्या स्वाराचा घोडा आणि मागून माउलींचा, पाठीवर कुणीच नसलेला. त्या मोकळ्या पाठीकडे बघताना लोक हात जोडतात. मला का कोण जाणे, शेळी आठवली. घोडे गेले की टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. मी वाकले, चिमूटभर उचलली, आणि उभी राहते तोच उंब्रजच्या मावशींनी माझी दोन्ही मनगटं धरली.

"तुज्या आज्जीकडं माजी एक फुगडी ऱ्हायलीय. गेल्या साली गुडघा धरून बसली, म्हणली पुढच्या सालाला व्याजासकट देते. चल."

मला फुगडी येत नाही असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. मावशींनी माझ्या हातांची तिढी घातली, चवड्याला चवडा भिडवला आणि स्वतःला मागे झोकून दिलं. त्यांनी वजन सोडलं तसं मलाही सोडावं लागलं, नाहीतर दोघी तोंडावर आपटलो असतो. दोन फेऱ्या मी डोळे मिटूनच घेतल्या. तिसऱ्या फेरीला उघडले तर समोर फक्त मावशींचा चेहरा स्थिर: घामाने ओघळलेला बुक्का, दात विचकून हसणं, कानातली हलणारी कुडी. बाकी सगळं, पताका, टाळ, आकाश, पातळ होऊन वाहत होतं. बायका "फू, फू" करत होत्या. आज्जीने एवढी वर्षं हेच तोंड असं समोर पाहिलं असणार, आणि त्या तोंडाला तिचं दिसलं असणार. मी मोठ्याने रडायला लागले. तरी पाय थांबेनात. मावशींनीही थांबवलं नाही, उलट वेग वाढवला. शेवटी माझीच चप्पल तुटली आणि आम्ही दोघी मातीत बसलो.

"फिटली," मावशी धापा टाकत म्हणाल्या. "व्याज ऱ्हायलं."

तिसऱ्या प्रहरी वेळापूरच्या अलीकडे धावा. तिथल्या उतारावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते पळत सुटले असं सांगतात, म्हणून सगळेच पळतात. मी एका पायात चप्पल, एक हातात, अशी पळाले. मुक्कामावर पोचून पिशवी उघडली तर डबी नाही.

पिशवी तीनदा उपडी केली. खुडूसच्या मातीत पडली की धाव्यात, देव जाणे. बाबांना काय सांगू या विचाराने पोटात गोळा आला. मावशींना सांगितलं तर त्या आधी गप्प झाल्या, मग त्यांचे खांदे हलायला लागले, मग राहुटीतल्या सगळ्याच बायकांचे. "पुकारायला लाव," एकजण म्हणाली. मी नको नको म्हणेपर्यंत निरोप गेला होता. रात्री समाज आरतीला चोप वर गेला, टाळ थांबले. एक मोबाईल, एक आधार कार्ड, आणि "एक कवळी, स्टीलच्या डबीसह." अंधारात कुठूनतरी एक म्हातारा पुरुषी आवाज आला, "आल्या का कवळीवाल्या!"

मला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी भंडीशेगावला निरोप आला, कवळी सापडली. पळत गेले. ती वरची निघाली, कुणा दुसऱ्याचीच.

पुढे वाखरी, मग पंढरपूर. दर्शनबारी एवढी लांब की आमच्या दिंडीतल्या निम्म्या लोकांनी कळसालाच हात जोडले, मीही. चंद्रभागेत सोडायला हातात काही नव्हतं. मावशी म्हणाल्या, बरं झालं, तिथं आधीच काय कमी घाण हाय? बाबांना फोन केला. कवळी खुडूसच्या माळावर राहिली म्हटल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "खालची होती ना? हसताना तिला तीच त्रास द्यायची."