वरून पडणारा पाना

अमळनेरहून सुरतेची गाडी धरून अंकलेश्वरच्या तेलविहिरींवर कामाला जाणारे आमच्या भागातले आम्ही चार-पाच जण होतो. रिगवर, म्हणजे विहीर खोदणाऱ्या यंत्रावर, काय करतोस, असे गावी कोणी विचारले की मी ‘वर बघत उभा राहतो’ असे सांगत असे. लोक हसत, पण ते बरेचसे खरे होते.

सुमारे 9 मीटर लांबीचे तीन पाइप जोडून डेरिकमध्ये, म्हणजे रिगच्या उंच लोखंडी मनोऱ्यात, उभे करावे लागतात, म्हणून वर राहून ते पाइप हाताळणाऱ्या डेरिकमनचा मंकी बोर्ड, म्हणजे उभे राहायची फळी, रिगच्या मजल्यापासून साधारण 25 मीटर उंच असतो. तेथून अर्धा किलोचा पाना निसटला तर तो सव्वादोन सेकंदांत ताशी 80 किलोमीटर वेगाने खाली येतो. औद्योगिक हेल्मेटच्या युरोपीय चाचणीत 5 किलोचे वजन 1 मीटरवरून टाकतात. या पान्याचा आघात त्याच्या अडीच पट भरतो. हेल्मेट घालावेच, पण त्याच्या भरवशावर खाली उभे राहू नये.

माझ्या सोबत्याच्या खांद्यावर पडला तो पाना नव्हता, दिव्याच्या चौकटीचा बोल्ट होता. ड्रिलिंगच्या सततच्या कंपनाने तो कधीपासून सैल होत आला असावा, आणि पडताना आडव्या लोखंडाला आपटून तिरका गेल्यामुळे, नेमका खाली नसलेला माणूसच सापडला. गळ्याजवळचे हाड मोडले. कंत्राटदाराच्या अहवालात ‘कामगार असावध होता’ एवढेच लिहिले गेले. दिव्याला दुसरी सुरक्षा-साखळी का नव्हती, वरचे बोल्ट शेवटचे कोणी तपासले, हातातली हत्यारे दोरीने बांधलेली असत का, यांपैकी एकही प्रश्न त्या कागदावर नव्हता. आणि मीही तेव्हा मुकाट्याने सही केली.

यंदा आमच्या शेतात बोअरची गाडी आली. तिचा मास्ट, म्हणजे उभा लोखंडी सांगाडा, डेरिकच्या मानाने ठेंगणा, पण 20 फुटी रॉड तेथेही डोक्यावरच लोंबतात, आणि नारळ फोडायला जमलेले अर्धे गाव बरोबर त्याखाली दाटीने उभे होते. मी बैलाचे कासरे बांधून गाडीभोवती रिंगण आखले. काका वैतागले, ‘‘पाणी लागलेलं दिसणार कसं?’’ मी त्यांची खाट कासऱ्याबाहेर बांधावर नेऊन टाकली.