न्यूट्रॉन न वापरता केलेलं न्यूट्रॉनचं मोजमाप

न्यूट्रॉन येऊन धडकला तर अमुक अणूचं केंद्रक फुटायची शक्यता किती, हा आकडा म्हणजे फिशन क्रॉस सेक्शन, आणि अणुभट्टीचं सगळं गणित त्याच्यावर उभं असतं. मोजतात बार्न नावाच्या एककात, ते क्षेत्रफळाचं अगदी इवलंसं एकक आहे. मंद न्यूट्रॉन असेल तर युरेनियम-२३५ चं साधारण ५८५ बार्न, युरेनियम-२३८ मात्र न्यूट्रॉनची एनर्जी १ एमईव्हीच्या (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) आसपास जाईपर्यंत जवळपास दादच देत नाही.

एरवी काय करतात, त्या पदार्थाचा पातळ थर न्यूट्रॉनच्या झोतात ठेवायचा, फुटलेले तुकडे मोजायचे आणि शेजारी युरेनियम-२३५ ठेवून तुलना करायची, कारण झोतात नेमके किती न्यूट्रॉन आले हे मोजणंच अवघड असतं.

पण प्रोटॅक्टिनियम-२३३ चं काय करणार? भारताला थोरियमपासून अणुइंधन बनवायचं आहे, त्या वाटेवर हा मधलाच मुक्काम आहे, थोरियम-२३२ ने न्यूट्रॉन गिळला की आधी हा बनतो आणि मग युरेनियम-२३३. याचं अर्धआयुष्य जेमतेम २७ दिवस, म्हणजे सॅम्पल बनवून मोजायला बसेपर्यंत त्यात युरेनियम-२३३ तयार व्हायला लागलेलं असतं, आणि ते तर मंद न्यूट्रॉननेसुद्धा फुटतं!

इथे बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्र) लोकांनी जे केलं ते मला फार म्हणजे फारच आवडतं. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या आवारात पेलेट्रॉन नावाचा कणत्वरक (अ‍ॅक्सिलरेटर) आहे, तिथे त्यांनी थोरियम-२३२ वर लिथियम-६ चा मारा केला. त्यातून अल्फा कण बाहेर पडला तर मागे उरतं प्रोटॅक्टिनियम-२३४, म्हणजे २३३ ने न्यूट्रॉन गिळल्यावर जे झालं असतं तेच केंद्रक. ड्युटेरॉन (एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांची जोडी) बाहेर पडला तर युरेनियम-२३६, म्हणजे युरेनियम-२३५ अधिक न्यूट्रॉन. एकाच टार्गेटवर, एकाच वेळी दोन्ही! बाहेर पडलेल्या कणाची एनर्जी मोजली की मागे उरलेलं केंद्रक किती उत्तेजित आहे ते कळतं, त्याच क्षणी फिशनचा तुकडा सापडला का ते बघायचं, दोन्ही केंद्रकांच्या फुटण्याच्या शक्यतांचं गुणोत्तर काढायचं आणि युरेनियम-२३५ च्या माहीत असलेल्या आकड्याशी जोडायचं. २००८ साली ११.५ ते १६.५ एमईव्ही न्यूट्रॉनसाठीचे आकडे त्यांनी असे काढले, ना हातात प्रोटॅक्टिनियमचं सॅम्पल ना न्यूट्रॉनचा झोत.

यात एक गृहीतक आहे, केंद्रक कसं बनलं हे ते विसरतं आणि मगच फुटतं. लिथियमने बनलेल्या केंद्रकाला स्पिन (स्वतःभोवती फिरण्याचं प्रमाण) न्यूट्रॉनने बनलेल्यापेक्षा वेगळा मिळतो, म्हणून कमी एनर्जीला ही पद्धत जपूनच वापरावी लागते, पण गुणोत्तर घेतल्यामुळे त्यातली बरीच चूक दोन्हीकडून कटते.