बाहेरचा जिना

३ जून २०२०. सकाळी सातलाच मी आमच्या गावाचं समाजकेंद्र उघडलं. निसर्ग चक्रीवादळ दुपारपर्यंत श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर येणार, असे निरोप आदल्या दिवसापासून येत होते. खिडक्या घट्ट लावल्या, वाचनालयातली खालच्या फळीवरची पुस्तकं वर चढवली, भांड्यांच्या खोलीतून दोन मोठे टोप काढले आणि पाणी भरून ठेवलं. पोलीस पाटील खालच्या आळीतल्या कौलारू घरांतली माणसं हलवत होते. एरवी अशा वेळी गाव शाळेत जातं. पण त्या वर्षी शाळेत टाळेबंदीमुळे मुंबईहून आलेले चाकरमानी होते, १४ दिवसांच्या विलगीकरणात. त्यामुळे सगळे आमच्याकडे आले.

मी या केंद्राचं काम मानधनावर बघते. आमच्या भागात गावाचा कारभार ग्रामस्थ मंडळ, मुंबई मंडळ आणि महिला मंडळ मिळून चालतो. गिरणगावातल्या एकेका खोलीत अख्खं गाव राहायचं, तेव्हापासूनची ही रीत. केंद्राची जागा गावातल्या एका आजोबांनी बक्षीसपत्राने दिली. पैसा घरटी वर्गणीचा, त्यातला बराचसा मुंबईचा. माहेरवाशिणींनी दिलेल्या रकमांना वहीत वेगळं पान आहे. जमेल तेवढ्या पैशात तेवढंच काम, असं करत बांधकाम सात वर्षं चाललं. पत्रे घाला आणि मोकळे व्हा, असं बहुतेकांचं म्हणणं होतं. गिरणीतून घरी बसलेले एक काका मात्र दर सभेला उठून एकच सांगायचे, "स्लॅब टाका. उशीर झाला तरी चालेल."

खाली सभागृह, वर वाचनालय. वर जायला बाहेरून जिना. त्या जिन्याला कठडा नव्हता. इतिवृत्ताच्या वहीत "कठडा पुढील वर्षी" हे शब्द तीन वेळा आहेत, तिन्ही वेळा माझ्या अक्षरात.

रोजचा खर्च लग्नांच्या भाड्यावर आणि भांड्यांवर निघतो. प्रत्येक टोपावर, ताटावर मंडळाचं नाव कोरलेलं आहे. वहीत सही केल्याशिवाय साधा डावही बाहेर जात नाही. काहींना हा जाच वाटतो. पण पैसे देणारा माणूस तिकडे लांब मुंबईत असतो. त्याला दिसते ती फक्त वही. ती स्वच्छ नसेल तर पुढच्या वर्षी तो वर्गणी का देईल?

दुपारी वारा असा सुटला की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. खिडकीच्या फटीतून समोरची वाडी दिसत होती. पोफळी आधी जमिनीपर्यंत वाकल्या, मग कडाकडा मोडू लागल्या. सभागृहात दीडशेच्या आसपास माणसं होती. म्हाताऱ्या कोपऱ्यात देवाचं नाव घेत होत्या. तेवढ्यात दोन पोरगे भिजून चिंब होऊन आत शिरले. शाळेची कौलं उडाली होती. आत ११ माणसं, त्यात पाच महिन्यांचं बाळ.

सभागृह एकदम गप्प झालं. मग आवाज चढले. "इथे आणलं आणि आमच्या म्हाताऱ्यांना लागण झाली तर?" असं विचारणारीला मी आजही दोष देत नाही, तिचा नवरा दम्याचा रोगी होता. दुसऱ्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "अरे, या भिंती कुणाच्या पैशाच्या?" मला तेही पटलं नाही. ज्याने वर्गणी दिली नसती त्यालाही असं उघड्यावर ठेवता आलं नसतं.

आमचे अध्यक्ष, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, आशाताईंकडे, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेकडे, वळले. त्या म्हणाल्या, "वरची खोली वेगळी आहे. संडासही वर आहे. त्यांना वर घ्या, खालचं कुणी वर जायचं नाही." एवढ्यावर निर्णय झाला.

मंडपाची दोरी काढली. एक टोक केंद्राच्या खांबाला बांधलं, दुसरं घेऊन चार जण तोंडाला रुमाल बांधून शाळेपर्यंत गेले. अंतर दोनशे पावलांचं, पण ११ जणांना आणायला पाऊण तास लागला. मी जिन्याच्या तळाशी भिंतीला टेकून उभी होते. बाळाची आई जिना चढली ती बसून, एकेक पायरी मागे सरकत, बाळ पदराने पोटाशी आवळलेलं. वाऱ्याचा झोत आला की ती भिंतीकडे वळायची. डाव्या बाजूला काहीच नव्हतं. त्या बावीस पायऱ्या संपेपर्यंत मला श्वास घेता आला नाही.

संध्याकाळी वारा पडल्यावर खिचडी शिजवली. वरच्यांची ताटं जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवायचो आणि खाली येऊन हाक मारायचो. मग वरून मुंबई मंडळाचे खजिनदार स्वतः उतरून ताटं न्यायचे. तेही त्या ११ जणांत होते. दोन दिवसांनी वटपौर्णिमा आली. गावातला वड उन्मळून पडला होता, तरी बायकांनी आडव्या खोडालाच सूत गुंडाळलं. बाळाची आई वरच्या खिडकीतून बघत होती. तिच्यासाठी कुणीतरी वडाची फांदी मधल्या पायरीवर ठेवून आलं. वीज यायला कित्येक आठवडे गेले.

विलगीकरण संपल्यावर खजिनदार खाली आले आणि आधी भांड्यांची वही मागितली. मी ३ जूनची नोंद दाखवली. टोप दोन, ताटं, वाट्या, डाव. भाड्याच्या रकान्यात रेघ. त्यांनी खाली सही केली. मग बाहेर जाऊन ते जिन्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले.

सभागृहाच्या चार खिडक्या फुटल्या होत्या, त्यांना आम्ही प्लास्टिक लावलं. मुंबईहून आलेल्या पहिल्या पैशांतून लोखंडी कठडा झाला. वेल्डिंगवाला म्हसळ्याहून जनरेटर घेऊन आला होता.