पाणी, जेवण, झोप, परत पाणी

शनिवार, रात्रीचे साडेनऊ. केस ओले आहेत, बोटांच्या टोकांवरच्या सुरकुत्या अजून गेलेल्या नाहीत, पण उद्यावर टाकलं की लिहून होत नाही म्हणून आत्ताच बसले.

मुक्काम डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज, कॅलिफोर्निया. आज काहीही बघायचं नाही हे काल रात्रीच ठरलं, म्हणजे मी ठरवलं, आईने लगेच री ओढली आणि नवऱ्याचा चेहरा पडला, कारण त्याने जोशुआ ट्री नॅशनल पार्कचा मॅप फोनवर डाउनलोड करून कुठल्या ट्रेलला किती वाजता पोचायचं इथपर्यंत सगळं काढून ठेवलं होतं. पार्क तासाभराच्या आत आहे, कुठे पळून जात नाहीये. आणि खरं सांगू का, सुट्टीवरून आल्यावर सुट्टी लागते ना, त्याचा मला कंटाळा आलाय.

सातला पूल उघडला तेव्हा बाहेर कडाक्याची थंडी. वाळवंट म्हटलं की उन्हाचाच विचार येतो, पण जानेवारीतली इथली सकाळ स्वेटर घालायला लावते आणि म्हणूनच गरम पाण्याला मजा आहे, जूनमध्ये कोण मरायला जाईल. मोटेल छोटंसं, जुन्या पद्धतीचं, मधे पूल आणि सभोवती खोल्या. मोठा पूल कोमट आणि बाजूचा छोटा टब चांगला कडक, ४० अंश सेल्सिअस. भिंतीवर पाटी, एका वेळी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, पाणी पीत राहा. आई लेगिंग आणि लांब टीशर्ट घालून आली, आधी दारातच घुटमळली, कोणी बघत नाही म्हटल्यावर उतरली आणि मग तिला बाहेर काढणं अवघड झालं. पंधरा मिनिटं झाली गं आई, म्हटलं तर म्हणते तुझं घड्याळ पुढे आहे.

तिचा पहिला प्रश्न, वास कसा नाही? तिला वज्रेश्वरीचा गंधकाचा वास डोक्यात. इथल्या पाण्याला खरंच वास नाही, खनिजं भरपूर आहेत पण नाकाला काही कळत नाही. मग नवऱ्याला जोर आला (जिऑलॉजी हा त्याचा पार्क रद्द झाल्यावरचा दुसरा आवडता विषय). गावाखालून सॅन अँड्रियास फॉल्टची, म्हणजे जमिनीतल्या भूकंपाच्या मोठ्या भेगेची, एक शाखा जाते, मिशन क्रीक फॉल्ट, आणि ती जमिनीखाली बांध घातल्यासारखं काम करते. फॉल्टमध्ये खडक घासून घासून त्याचं बारीक पीठ झालेलं असतं, त्यातून पाणी सहज पलीकडे जात नाही. त्यामुळे एका बाजूला खोलवर तापून वर आलेलं गरम पाणी आणि दुसऱ्या बाजूला थंड, पिण्याचं. काही विहिरींत तर ६० अंशांच्याही वर, म्हणजे मोटेलवाल्यांना पाणी तापवायचं नसतं, निववायचं असतं! आई शांतपणे म्हणाली, म्हणजे भूकंपाच्या रेघेवर बसून आपण पाय शेकतोय. हो, तसंच.

ही गोष्ट ज्याला पहिल्यांदा हाताने कळली तो माणूस कॅबॉट यर्क्सा. १९१३ मध्ये इथे जमीन घेऊन राहायला आला, पाणी नाही, ते आणायला मैलोन्‌मैल चालत रेल्वेपर्यंत जायचं, सोबत एक गाढव, गाढवाचं नाव मेरी ख्रिसमस. शेवटी कुदळ फावडं घेऊन विहीर खणली तर पाणी लागलं गरम. थोड्या अंतरावर दुसरी खणली तर थंड. मला त्या पहिल्या क्षणाचाच विचार येत राहिला, तहानलेला माणूस एवढं खणतो आणि हाताला चटका बसतो, काय म्हणाला असेल. नंतर त्याने भंगारातल्या लाकडांतून आणि पत्र्यांतून होपी लोकांच्या धर्तीवर ३५ खोल्यांचं घर बांधलं, ते आता म्युझियम आहे. आम्ही ते गाडीतूनच बघितलं. आजचा नियम म्हणजे नियम.

गरम पाण्यातून निघाल्यावर जी भूक लागते ती वेगळीच, पोटातून नाही, हातापायांतून लागते. नाश्त्याला एका मेक्सिकन खानावळीत गेलो. मी चिलाकिलेस घेतले, म्हणजे तळलेल्या टॉर्टियाचे तुकडे हिरव्या साल्सात परतून वर अंडं आणि चीज. यातली खरी गंमत वेळेत आहे. पहिल्या पाच मिनिटांत कडा कुरकुरीत आणि मधला भाग मऊ असतो, तेवढ्यात खाऊन घ्यायचं, फोटो काढत बसलात तर लगदा. आईने नोपालेसचा टाको मागवला, निवडुंग आहे हे तिला आधी सांगितलं नव्हतं. खाऊन झाल्यावर म्हणाली भेंडीसारखी बुळबुळीत आहे पण आंबटपणा छान आहे. सांगितल्यावर बाहेर आली आणि कुंपणाकडच्या निवडुंगाकडे जरा वेगळ्याच नजरेने बघायला लागली.

मग झोप. दुपारची, पडदे ओढून, अपराधी न वाटता. यावर लिहिण्यासारखं काही नाही.

तीनच्या सुमारास वारा सुटला. इथला वारा प्रसिद्धच आहे, सॅन गोर्गोनियो खिंडीतून समुद्राकडची गार हवा आत घुसते, म्हणून तर हायवेला पवनचक्क्यांची एवढी गर्दी. पूलच्या खुर्च्या सरकायला लागल्या तेव्हा आम्ही गाडी काढून इंडिओच्या बाजूला खजूर घ्यायला गेलो, दिवसभरातली तेवढीच लांबची फेरी. रस्त्याच्या कडेला खजुराच्या रांगाच रांगा, उंच झाडांना शिड्या तशाच लटकवून ठेवलेल्या, कारण परागीकरण हाताने करावं लागतं आणि एका हंगामात माणूस त्याच झाडावर कितीतरी वेळा चढतो. मेजूल खजूर अमेरिकेत आला १९२७ मध्ये, मोरोक्कोहून ११ फुटवे आणले, आधी नेवाडात क्वारंटाइनमध्ये ठेवले, त्यातले ९ जगले आणि त्यांची संतती पुढे या खोऱ्यात लागली. आता माझ्या हातात त्याचा शेक, व्हॅनिला आइस्क्रीम घालून, इतका घट्ट की स्ट्रॉने ओढताना गाल आत जातात. अर्ध्यावर गोड सहन होईना, उरलेला नवऱ्याने संपवला, त्याला चालतं सगळं.

डेग्लेट नूर पण चाखले, मेजूलपेक्षा कमी गोड, जरा कडक. मला तेच जास्त आवडले, आई मात्र मेजूलच्या बाजूने. दोन्ही घेतले.

संध्याकाळी जेवायला बाहेर जायचा उत्साह कोणालाच नव्हता. खोलीत छोटं किचन आहे, पाव, चीज, टोमॅटो, सकाळी येताना घेतलेली ग्रेपफ्रूट्स, एवढंच. ग्रेपफ्रूट सोलून पाकळ्यांची पांढरी साल काढत आईने वर मीठ टाकलं आणि तेच आजचं बेस्ट जेवण ठरलं, चिलाकिलेसची माफी मागून.

आठला परत टबमध्ये. वारा पडला होता, सान जासिंतोच्या डोंगरावर बर्फ दिसत होतं आणि आम्ही मानेपर्यंत गरम पाण्यात. नवरा चक्क गप्प होता. मग बाहेर येऊन टॉवेल गुंडाळता गुंडाळता त्याने विचारलंच, उद्या पार्कला किती वाजता निघायचं? पूल सातला उघडतो, चेकआउट अकराला आहे, म्हणजे निघायचं ते अकरालाच. जोशुआ ट्रीची झाडं आईला गाडीच्या खिडकीतून दिसली तरी चालतील म्हणे.