डटानाच्या कोषाने पाहायला लावलेली वाट

कुंडीत दहा महिने नुसती माती दिसते. डटाना नावाचा, रात्री उडणारा पतंग पाळून बघायचं ठरवणाऱ्याला हे कुणीतरी आधीच सांगायला हवं. मला कुणी सांगितलं नाही आणि त्यात माझं एक अख्खं वर्ष गेलं.

आमच्या न्यू जर्सीतल्या परसात सफरचंदाचं झाड आहे. ऑगस्टच्या अखेरीस एका फांदीची पानं साफ फस्त झाली होती, नुसते देठ उरले होते. शेजारच्या फांदीवर पंचवीस-तीस काळे सुरवंट एकमेकांना खेटून बसलेले. अंगावर पिवळ्या रेघा, विरळ पांढरे केस आणि काळ्याभोर डोक्यामागे मानेवर हळदीचं बोट लावावं तसा पट्टा. फांदीला धक्का लागला की सगळे एकदम डोकं आणि शेपूट वर उचलतात आणि तसेच थबकतात. हे डटाना मिनिस्ट्रा या जातीच्या पतंगाचे सुरवंट. शेजाऱ्यांनी फवारणी सुचवली, पण मी केली नाही. उन्हाळा सरताना पानं गेली तरी निरोगी झाड दगावत नाही, पुढच्या वसंतात पुन्हा पालवतं.

सहा सुरवंट घरात आणले. रोज त्याच झाडाची ताजी पानं दिली. मोठे झाल्यावर ते खाणं सोडून खाली फिरायला लागले, तेव्हा कुंडीत चार इंच माती भरून त्यात सोडले. रात्रीतून सगळे आत गेले. इथवर काहीच अडलं नाही.

अडलं ते पुढे. हा सुरवंट स्वतःभोवती रेशमाचं वेष्टण विणत नाही, मातीतच त्याचा उघडा कोष होतो. वरून काही म्हणजे काही कळत नाही. थंडी पडली तशी मी घाबरले आणि बागकामाच्या एका मदतक्रमांकावर दोनदा फोन केला. दोन्ही वेळा उत्तर एकच: घरात आणा, बाहेर गोठतील. मी कुंडी दिवाणखान्यात ठेवली. मार्चमध्ये राहवेना म्हणून माती उकरली. कोष भुईमुगाच्या रिकाम्या शेंगेसारखे हलके झाले होते. सहाच्या सहा. हीटरच्या कोरड्या हवेत सुकून गेले. त्या सल्ल्याचा राग अजून आहे, कारण हा जीव मातीत हिवाळा काढण्यासाठीच घडलेला आहे. त्याला ऊब नको, गारवा हवा.

सांगलीला आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, हळदीचं बियाणं ठेवतो तसं ठेव की. गारव्याला. भिजवू नकोस आणि सुकवूही नकोस."

दुसऱ्या वर्षी तसंच केलं. पाच सुरवंट, तळाला भोकं असलेली कुंडी, मातीवर वाळकी पानं, घराच्या उत्तरेकडच्या वळचणीला. वर तारेची जाळी घट्ट बांधली, नाहीतर खारी आणि उंदीर कोष उकरून खातात. माती अगदी कोरडी वाटली तरच चार थेंब शिंपडायचे. बर्फ पडला तरी कुंडी हलवायची नाही. आणि उकरायचं नाही! जानेवारीत रोज सकाळी जाळीपाशी उभी राहायचे, हात शिवशिवायचे. एप्रिलमध्ये फक्त एक कोष वर काढला. तळहातावर जड लागला आणि शेपटाकडचा भाग वळवळला. तेवढ्यावर जून काढला.

हो, सुरवंटाचे फोटो आधीच काढून ठेवा. पतंग झालेले डटाना जातीजातींत इतके सारखे दिसतात की नुसत्या पतंगावरून जात सांगणं अवघड असतं. मानेवरचा पिवळा पट्टाच माझ्या कामी आला. अक्रोडावर दिसले तर बहुधा डटाना इंटेजेरिमा, त्याला तो पट्टा नसतो.

एका कोषातून पतंगाऐवजी माशी निघाली. सुरवंटात वाढणाऱ्या परजीवी माश्या असतात, त्यातलीच. एक कोष तसाच राहिला.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, रात्री साडेदहाला, कुंडीत खोचलेल्या काडीवर पहिला पतंग लटकलेला दिसला. ही खरबरीत काडी हवीच, तिला धरून पंख पसरता आले नाहीत तर ते वाकडेच वाळतात. तासाभराने पंख मिटून बसला तेव्हा काताच्या रंगाची मोडकी डहाळी वाटत होता. पंखांवर गडद आडव्या रेघा, खांद्यांवर तपकिरी केसांचा झुबका. न्यू जर्सीतल्याच ईस्ट ब्रन्सविकमध्ये २०१२ साली सुरू झालेल्या, पतंग बघण्याच्या सप्ताहात, दिव्यासमोरच्या पांढऱ्या चादरीवर मी असाच एक आधी पाहिला होता. पण हा माझ्या कुंडीतला होता.

सांगलीत तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. आईला व्हिडिओ लावून दाखवला. मग जाळी काढली आणि आतला दिवा मालवला. सकाळी काडी रिकामी होती. उरलेले दोन त्याच आठवड्यात आले.